बिनपत्त्याची वर्गणी

श्रावणात एका रात्री साडेनऊला मैत्रिणीचा फोन आला. "अगं, दुपारी भाग चढवला. जुने सगळे दिसतायत, नवा काही केल्या येत नाहीये. माझ्या फोनवर नाही, भावाच्या नाही, कुणाच्याच नाही. येतेस का?"

ती कोथरूडला राहते. एसटीतून निवृत्त झालेल्या चालक-वाहकांना घरी बोलावते, चहा देते आणि आपल्या पॉडकास्टसाठी त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करते. स्टुडिओ म्हणजे तिचं कपड्यांचं कपाट. दार सताड उघडायचं, पुढ्यात दोन खुर्च्या, पाठीमागे दोरीवर दोन गोधड्या, म्हणजे आवाज घुमत नाही. पंखा बंद आणि तासभर कुकर लावायचा नाही. दर पंधरा दिवसांनी एक भाग निघतो. या वेळी होते भोर-महाड मार्गावर वर्षानुवर्षं गाडी चालवलेले एक काका.

मी पोचले तेव्हा लॅपटॉप ओट्यापाशीच उघडा होता. ऑडिओची फाइल सर्व्हरवर व्यवस्थित गेलेली होती. तिचा पत्ता थेट टाकला की काकांचा आवाज सुरू व्हायचा. म्हणजे दुखणं फीडमध्ये होतं. बहुतेक जण फीड तयार करून देणाऱ्या सेवा वापरतात. ही मात्र स्वतःच्या हातानं लिहिते, कारण आपल्या कार्यक्रमाची चावी आपल्याकडे असावी असं तिला वाटतं. म्हणून आम्ही दोघी ते फीड ओळीनं वाचायला बसलो.

फीड म्हणजे साध्या मजकुराची एक फाइल, नोटपॅडमध्येही उघडते. वरच्या बाजूला 'चॅनेल': कार्यक्रमाचं नाव, पत्ता, दोन ओळींची ओळख, भाषा. त्याखाली एकामागून एक 'आयटम', प्रत्येक भागाचा एक. आयटमच्या पोटात शीर्षक, तारीख आणि वेळ, आणि तोच भाग पुन्हा नवा म्हणून येऊ नये यासाठी एक कायमची खूण. शेवटी 'एन्क्लोजर'. पत्राच्या पाकिटात सोबत काही घालतो, तसं. त्याबद्दल तीनच गोष्टी सांगाव्या लागतात: वस्तू कुठे आहे, किती बाइटची आहे, कोणत्या प्रकारची आहे. मोठमोठ्या वृत्तसंस्थांचे पॉडकास्ट घ्या किंवा कोथरूडच्या कपाटातला हा घ्या, सांगाडा हाच.

चूक सापडायला पाऊण तास लागला. नव्या भागाच्या शीर्षकात तिनं भोर आणि महाड यांच्यामध्ये 'आणि' न लिहिता कीबोर्डवरचं गाठ मारल्यासारखं दिसणारं अँडचं चिन्ह टाकलं होतं. फीड ज्या एक्सएमएलमध्ये लिहितात, त्याच्या व्याकरणात ते चिन्ह राखीव आहे. ते सुटं आढळलं की वाचणारं सॉफ्टवेअर तिथेच थांबतं आणि अख्खी फाइल नाकारतं. चिन्ह खोडून 'आणि' लिहिलं, फाइल पुन्हा चढवली, फोनवर यादी खाली ओढली. भाग आला. वरंध घाटातल्या धुक्यात कंडक्टर हातात बॅटरी घेऊन गाडीच्या पुढे चालत राहिला, ती रात्र काका सांगत होते. आम्ही पानं वाढायची थांबवून ऐकत बसलो.

त्या रात्रीपासून एक गोष्ट मनातून जात नाही. तो भाग लोकांपर्यंत पोचवण्यासाठी तिनं कुणाचीही परवानगी मागितली नव्हती. चूक तिची होती, तिनंच दुरुस्त केली, आणि दुरुस्त झाल्याक्षणी वाट मोकळी झाली. आज इंटरनेटवर इतकं सरळ काम फार थोड्या ठिकाणी होतं.

हे चालतं कसं, ते सांगते. आपल्या फोनमधलं फीड वाचणारं सॉफ्टवेअर ठरावीक वेळानं त्या फाइलीपाशी जातं आणि विचारतं, मागच्या खेपेनंतर काही बदललं का? नसेल तर सर्व्हर 304 हा आकडा पाठवतो. अर्थ एवढाच की बदल नाही, परत जा. बदल असेल तर नवी फाइल मिळते, नवा आयटम यादीत लागतो, ऑडिओ असेल तर उतरवून घेतला जातो. फीडच्या नियमांत एक सोय मला फार आवडते. 'स्किपडेज' आणि 'स्किपअवर्स' अशा दोन खुणा आहेत. त्यांतून फीडवाला आधीच सांगून ठेवू शकतो की रविवारी येऊ नका, रात्री अमुक ते अमुक वेळेत फेरी मारू नका, काही नवं नसेल. दूधवाल्याला उद्या नको म्हणून आदल्या दिवशी निरोप द्यावा, तसं. दोन यंत्रांनी एकमेकांना विनाकारण त्रास देऊ नये, हा विचार कुणीतरी बसून केला होता.

या सगळ्यात माझं नाव, पत्ता, फोन नंबर कुणाला द्यावा लागत नाही. दिवाळी अंकाच्या वाचकाला वर्गणी म्हणजे काय ते सांगायला नको. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपण नाव-पत्ता कळवून अंक घरी मागवत आलो आहोत. फीडची वर्गणी उलट्या बाजूनं चालते. संपादकाच्या वहीत माझं नाव नसतं, माझ्या वहीत संपादकाचं नाव असतं. नको झालं तर मी ओळ खोडते. कुणाला कळवायचं नाही, कुणाची मनधरणी ऐकायची नाही.

फीडचा जन्म अमेरिकेतला, मार्च 1999 चा. नेटस्केप कंपनीला 'माय नेटस्केप' या पानावर इतर साइट्सचे मथळे आणून लावायचे होते. त्यासाठी जो साचा केला, त्याला आरएसएस हे नाव मिळालं. तो घडवणाऱ्यांत डॅन लिबी आणि आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले रामनाथन गुहा होते. कंपनीनं 2001 मध्ये त्यातून अंग काढून घेतलं. गोष्ट तिथेच संपायची, पण तोवर साचा बाहेरच्यांनी उचलला होता. डेव्ह वायनर हा कॅलिफोर्नियातला प्रोग्रामर 1997 पासूनच असा स्वतःचा साचा वापरत होता. त्यानं आरएसएस पुढे नेलं. दुसऱ्या एका गटाला ते वेगळ्या दिशेनं न्यायचं होतं. त्या गटानं डिसेंबर 2000 मध्ये स्वतःची आवृत्ती काढली, आणि ती लिहिणाऱ्यांत एरन स्वार्ट्झ नावाचा 14 वर्षांचा मुलगा होता. भांडणं इतकी टोकाची झाली की आरएसएस या तीन अक्षरांचा अर्थही तीन प्रकारे लावला जाऊ लागला. तिसऱ्या बाजूनं 2005 मध्ये 'ॲटम' नावाचं वेगळं प्रमाण आलं.

आज वापरणाऱ्याला यातलं काहीच जाणवत नाही, कारण जवळपास सगळी वाचक-सॉफ्टवेअर सगळे साचे वाचतात. भांडणाऱ्यांनी एक काम मात्र फार मोलाचं केलं. वायनरनं 2003 मध्ये आरएसएस 2.0 च्या मसुद्याचे हक्क हार्वर्ड विद्यापीठाच्या बर्कमन केंद्राला देऊन टाकले, कुणालाही वापरता येईल अशा परवान्यासह. त्यामुळे कोथरूडची बाई फीड लिहिते तेव्हा ती कुणाची भाडेकरू नसते.

आता आवाजाकडे येते, कारण माझा जीव तिथे जास्त आहे. 2000 सालच्या ऑक्टोबरमध्ये ॲडम करी हा एमटीव्हीवर निवेदक म्हणून गाजलेला माणूस न्यूयॉर्कमध्ये वायनरला भेटला. त्याची तक्रार आपल्यापैकी ज्यांनी टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट वापरलंय त्यांना लगेच कळेल. हिशेब करून बघा. साध्या बोलण्याचा तासभराचा ऑडिओ 64 किलोबिटच्या दर्जानं ठेवला तर होतो जवळपास 29 एमबी. त्या वेळच्या 56 किलोबिटच्या मोडेमवर तार एकदाही न तुटता तो उतरायला सुमारे 69 मिनिटं लागायची. तासाचं ऐकण्यासाठी तासाहून जास्त वाट पाहायची. करीचं म्हणणं असं की माणसाला क्लिक करून ताटकळत ठेवायचंच कशाला? कायम जोडलेली इंटरनेटची लाइन घरोघर यायला लागली होती आणि रात्रभर रिकामी पडून असायची. यंत्रानं रात्री गुपचूप फाइल उतरवून ठेवावी आणि आलीय एवढंच सकाळी सांगावं. वेग तोच, फक्त वाट पाहण्याचं काम माणसाकडून काढून यंत्राला द्यायचं.

यातून 'एन्क्लोजर' ही खूण आरएसएसमध्ये आली. जानेवारी 2001 मध्ये वायनरनं ग्रेटफुल डेड या बँडचं गाणं फीडमध्ये घालून ती दाखवली. आपल्या मैफली श्रोत्यांना रेकॉर्ड करू देणारा हा बँड, त्यामुळे निवड चपखल होती.

पुढची अडीच वर्षं फारसं काही घडलं नाही. मग 2003 च्या उन्हाळ्यात ख्रिस्तोफर लायडन या मुरलेल्या रेडिओ-पत्रकारानं, नभोवाणीची नोकरी सुटलेली असताना, बर्कमन केंद्रात मुलाखती घ्यायला सुरुवात केली. पहिल्यांपैकी एक वायनरचीच. वायनरनं त्या एन्क्लोजर लावून फीडमध्ये घातल्या. त्याच ऑक्टोबरात हार्वर्डमधल्या एका संमेलनात केव्हिन मार्क्सनं एक छोटा प्रोग्राम दाखवला. तो फीडमधला ऑडिओ उतरवायचा आणि थेट आयपॉडपर्यंत पोचवायचा. साखळीची शेवटची कडी ती. फेब्रुवारी 2004 मध्ये बेन हॅमर्सलीनं 'गार्डियन'मध्ये या प्रकाराला काय म्हणावं असं विचारत तीन नावं सुचवली. त्यांतलं एक पॉडकास्टिंग. ऑगस्टमध्ये करीनं 'डेली सोर्स कोड' हा कार्यक्रम सुरू केला. 28 जून 2005 रोजी ॲपलनं आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय दिली आणि दोन दिवसांत दहा लाखांवर वर्गण्या नोंदल्या गेल्या.

इथे जरा थांबायला हवं, कारण पॉडकास्टचं पुढचं आयुष्य ॲपलच्या एका निर्णयानं ठरलं. कंपनीनं ऑडिओ आपल्याकडे ठेवलाच नाही. तिनं फक्त सूची ठेवली: कुठला कार्यक्रम कुठल्या फीडवर आहे, एवढी. फाइल ज्याची त्याच्या सर्व्हरवर. त्यामुळे तीच सूची वापरून किंवा दुसरी करून इतर कुणालाही ऐकण्याचं ॲप काढता आलं, आणि लोकांनी ती काढली. पॉडकास्टच्या शेवटी निवेदक सांगतो की तुम्ही जिथे ऐकता तिथे आम्हाला ऐका. हे साधं वाक्य आहे, पण सिनेमा, मालिका, यांतलं कुणीच आज तसं म्हणू शकत नाही.

लिखित मजकुराचं तसं झालं नाही आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. ऑक्टोबर 2005 मध्ये गुगल रीडर आला. स्वच्छ, वेगवान, फुकट. आम्ही सगळे तिकडे गेलो. सकाळी चहाबरोबर दोन-अडीचशे मथळे त्यात चाळायचे, हा अनेक पत्रकारांचा दिनक्रम झाला. इराणमध्ये तर अडवलेल्या साइट्सचा मजकूर वाचायचा आणि एकमेकांना दाखवायचा तो एक मार्ग होता. बाकीचे वाचक-सॉफ्टवेअर काढणारे हळूहळू मागे पडले, कारण फुकट आणि उत्तम यांच्याशी स्पर्धा करायची कशी? मग 13 मार्च 2013 ला घोषणा झाली की वापर घटल्यामुळे सेवा बंद होतेय, आणि 1 जुलैला ती बंद झाली. फीड्स सगळी जागच्या जागी होती, एकही तुटलं नव्हतं. पण लाखो लोकांच्या दृष्टीनं तो दरवाजा म्हणजेच घर होतं. पुष्कळ जण फीडलीसारख्या सेवांकडे गेले. त्याहून पुष्कळ जण फेसबुक-ट्विटरवर जे समोर येईल ते वाचायला लागले, ते परत आले नाहीत.

एरन स्वार्ट्झ त्याच वर्षी जानेवारीत गेला. 26 वर्षांचा होता.

मी माझी यादी वाचवली. बंद व्हायच्या आधी ती उतरवून घेता येत होती, ओपीएमएल नावाच्या फाइलीत. हीसुद्धा वायनरच्याच कंपनीतून आलेली गोष्ट. यादीतलं प्रत्येक फीड एका ओळीत, नाव आणि पत्ता. माझ्या 140 ओळी होत्या. ही फाइल दुसऱ्या कुठल्याही वाचक-सॉफ्टवेअरला दिली की संसार जसाच्या तसा उभा राहतो. मी ती पेन ड्राइव्हवर ठेवली, स्वतःला मेल केली आणि एक प्रत छापूनही ठेवली. गुगलचंच पॉडकास्टचं ॲप 2024 मध्ये बंद झालं तेव्हा अशीच फाइल पुन्हा कामाला आली. ॲप गेलं, कार्यक्रम एकही गेला नाही.

आवाजाच्या वावराला कुंपण घालायचे प्रयत्नही झाले. स्पॉटिफायनं 2019 पासून पॉडकास्ट कंपन्या विकत घेतल्या. अमेरिकेतला जो रोगनचा प्रचंड खपाचा कार्यक्रम 2020 च्या अखेरीस फक्त त्यांच्याकडेच ऐकता येऊ लागला, उघड्या फीडवर नवे भाग येईनात. 2024 मध्ये नवा करार झाला आणि कार्यक्रम पुन्हा सगळीकडे आला. ज्यांना जास्तीत जास्त लोकांनी ऐकायला हवं असतं, त्यांना भिंत फार काळ परवडत नाही, असा मी त्याचा अर्थ लावते. करी मात्र तेवढ्यावर विसंबला नाही. 2020 मध्येच त्यानं डेव्ह जोन्सबरोबर 'पॉडकास्ट इंडेक्स' सुरू केलं: कुणालाही वापरता येणारी खुली सूची, म्हणजे उद्या ॲपलचा विचार बदलला तरी वाट उघडी राहील.

आपल्याकडे पॉडकास्ट या शब्दाचा अर्थ गेल्या काही वर्षांत सरकला आहे. मोठे माइक, दोन खुर्च्या, मागे रोप आणि पिवळा दिवा, असा यूट्यूबवरचा गप्पांचा व्हिडिओ म्हणजे पॉडकास्ट. त्यांतल्या कित्येक गप्पा मी आवडीनं ऐकते. मराठीत इतक्या मोकळेपणानं, इतक्या विषयांवर माणसं बोलतायत याचा आनंद आहे. पण हे भाग फक्त यूट्यूबवर असतात तेव्हा ते कुणाच्या पुढ्यात यावेत हे यूट्यूब ठरवतं, आणि उद्या त्या चॅनेलचं काही बिनसलं तर श्रोते कार्यक्रम करणाऱ्याबरोबर बाहेर पडत नाहीत. त्याच गप्पांचा ऑडिओ फीडवरही ठेवायला फार कष्ट पडत नाहीत. बीबीसी मराठीचा 'तीन गोष्टी' मी बस थांब्यावर उभी असताना, रेंज नसताना ऐकते, कारण तो पहाटेच उतरलेला असतो. मराठीत नवीन काही सुरू करणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे की व्हिडिओ करा, रील करा, पण एक फीड ठेवा.

वाचकांनाही सांगते. यूट्यूबच्या प्रत्येक चॅनेलला अजून फीड असतं, त्यात शेवटचे 15 व्हिडिओ मिळतात. कित्येक नियतकालिकांच्या पानांवर फीडचं केशरी चिन्ह दिसेनासं झालं तरी फीड चालू असतं. फायरफॉक्सनं 2018 च्या डिसेंबरात आपल्यातली फीडची सोय काढली, पण वेगळी ॲप्स आहेत. अँड्रॉइडवर अँटेनापॉड, ॲपलच्या फोनवर वाचायला नेटन्यूजवायर. दोन्ही फुकट, दोन्ही खुल्या कोडची, दोन्हींत जाहिरात नाही. साइटचा नुसता पत्ता टाकला तरी बहुतेक वेळा वाचक-सॉफ्टवेअर फीड शोधून काढतं.

याची एक उणी बाजू मैत्रिणीच्या घरी दिसते. तिला तिचे श्रोते माहीत नाहीत. सर्व्हरच्या नोंदीत फाइल किती वेळा मागितली गेली तेवढं कळतं. कुणी शेवटपर्यंत ऐकलं, कुठे कंटाळून बंद केलं, काही कळत नाही. जाहिरातदाराला हे आकडे हवे असतात, तिच्याकडे ते नाहीत, म्हणून पैसेही नाहीत. ती सकाळी शिकवण्या घेते आणि त्यातून सर्व्हरचं भाडं भरते. हा प्रश्न खरा आहे. मला त्याचं एकच उत्तर दिसतं: ज्यांना ऐकायला आवडतं त्यांनी पैसे द्यावेत, जसे आपण दिवाळी अंकाला देतो. भोरच्या काकांचा भाग गेल्यावर चिपळूणहून एका श्रोत्याचा मेल आला. त्यांचे वडील त्याच घाटात वाहक होते. त्यांनी लांबलचक लिहिलं होतं, आणि सर्व्हरचं वर्षाचं भाडं किती होतं ते विचारलं होतं.

लहानपणी आमच्याकडे आकाशवाणीवर 'पुन्हा प्रपंच' लागायचं तेव्हा आई पोळपाट बाजूला सारायची. वेळ चुकली की चुकली. परवा मी तिच्या फोनवर चार कार्यक्रमांची वर्गणी लावून दिली. दुसऱ्या दिवशी तिनं फोन केला. पोळ्या करताना मध्येच थांबवलं होतं, आणि परत लावल्यावर बाई तिथूनच पुढे बोलायला लागली, हे तिला कुणालातरी सांगायचं होतं.

माझ्या 140 ओळींतल्या निम्म्या आता मुक्या आहेत. काही साइट्स गेल्या, काही माणसं लिहायची थांबली. मुकं फीड मी खोडत नाही. जागा खात नाही, पैसे मागत नाही. माझं सॉफ्टवेअर तासा-तासाला तिथे जातं, बदल नाही ऐकतं आणि परत येतं. त्यांत मराठवाड्यातल्या एका निवृत्त शिक्षकांचं होतं. ते आपल्या शेतावरचे पक्षी आणि पाऊस लिहायचे. शेवटची नोंद 2016 ची. गेल्या ज्येष्ठात एका सकाळी यादी उघडली तर त्यांच्या नावापुढे ठळक एक आकडा उमटला होता. नोंद चार ओळींची होती. विहीर या वर्षी लवकर भरली, आणि तिच्यावर वाकलेल्या बाभळीला सुगरणीची अकरा घरटी लागली आहेत.